ढेमस

सुगत,

वरण झाकून ठेवलं आहे, भात तेवढा लावजो. आईले काही सांगू नको.

तू दिलेली पत्त्यांच्या खेळाची फ्लॉपी मी ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये लावली होती. आज मेकॅनिक म्हणाला, पत्ते फक्त वरून दिसायले होते. त्या खेळानं आत चोरदरवाजा करून ठेवला. पासवर्ड नसला तरी एक गुपित शब्द टाकला की मशीन उघडते. तसंच कोणीतरी आत शिरून भरतीच्या यादीत तुझं नाव सातव्यावरून दुसरं केलं.

ऑफिसच्या चाव्या शिपाई धोंडबाजवळ असतात म्हणून साहेब त्यालेच धरून बसले आहेत. संध्याकाळी त्याले कामावरून काढणार. त्या म्हाताऱ्याले मशीन सुरू करता येत नाही.

माझा डबा घेऊन येतो तेव्हा तू माझ्याच खुर्चीवर बसतो, हे मले आज आठवलं. सगळे जेवायले गेल्यावर मी तू लहानपणापासून मले चिडवतो तो शब्द टाकून पाहिला. मशीन उघडली.

मी परत ऑफिसात जाऊन राहिली. अजून कोणाले सांगितलं नाही. चारपर्यंत येऊन तूच सांग. नाही आला, तर मी सांगीन.

– ढेमस