डाव्या खांबाला दोनदा

तीर्थस्वरूप ओरेस्टमामांस,

भाचा डॅरिलचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अगदी खरा. पोट, गुडघे आणि कपाळ बर्फाला टेकवल्याशिवाय गोलकीपरला पगार मिळत नाही.) मामींची कंबर कशी आहे? तुमचा उजवा, काचेचा डोळा या थंडीत अजून तसाच गार पडतो का? मामींना सांगा, तो डोळा काढून ठेवलेल्या कपात पुन्हा चहा ओतू नका.

इकडे आमचा आइस हॉकीचा संघ प्लेऑफच्या बाद फेरीत पोचल्यापासून गाव पार खुळावलंय. शनिवारी निकालाचा सामना. जिंकलो तर मला आणखी दोन वर्षं ठेवणार, असं ड्रमंड (म्हणजे आमचा कोच, रोज सकाळी आंबट तोंड करून उठणारा) म्हणालाय. हरलो तर चौतिसाव्या वर्षी मी घरी. आणि मला पक, ती रबराची चकती, अडवण्याखेरीज येतं काय, मामा? गहू पेरायला गेलो तर बापाने मलाच बांधाबाहेर काढलं होतं.

नोव्हेंबरात सरावात आपल्याच संघातल्या गिलफॉयलच्या स्टिकचं टोक मुखवट्याच्या भोकातून आत शिरलं, हे आईने कळवलंच असेल. सूज उतरली, सगळे म्हणाले, सुटलास बाबा. मीही म्हणालो, सुटलो. सुटलो कसला! डाव्या डोळ्यापुढे तेव्हापासून जे धुकं बसलंय ते हलायला तयार नाही. कोणाला कळलं नाही, कारण सामन्याच्या दिवशी गोलकीपरशी कोणी बोलत नाही (तुम्ही गोलात उभे राहायचात तेव्हाही हेच होतं, त्यामुळे तुम्हाला लोक शिष्ट समजायचे) आणि इतर दिवशी गोलकीपर काय बरळतो ते कोणी मनावर घेत नाही. मी आपला दर वेळी काठीने डावा खांब दोनदा ठोकतो, उजवा एकदा. रेडिओवाला कौतुकाने सांगतो, बघा, हॉलिचुक खांबांशी गप्पा मारतोय. गप्पा कसल्या डोंबलाच्या! डावा खांब जागेवर आहे ना, तेवढंच विचारतो मी त्याला.

आता परवा रविवारची फजिती ऐका. घरचं मैदान, डावीकडून एक पक आला. माझा पंजा उठला, मागे टण्णकन आवाज झाला. वाटलं, खांबाला लागून बाहेर गेला. तेवढ्यात गिलफॉयल आला आणि त्याने माझ्या पॅडवर काठीने थोपटलं. मागोमाग आणखी दोघं आले, त्यांनीही थोपटलं. आता आपल्या धंद्यातली ही अक्कल बघा. गोल अडवला तरी पॅडवर थोपटायचं आणि गोल खाल्ला तरी पॅडवरच थोपटायचं! मी शाबासकी समजलो आणि हात उंचावून लोकांना अभिवादन केलं. गाव चिडीचूप. मीही जरा वाकून दाखवलं. मग मागे वळलो, तर पक जाळ्यात.

लोक आधी चिडले, मग हसू लागले. वर्तमानपत्राने लिहिलं, हॉलिचुकचं काळीज वाघाचं, गोल खाऊनही थट्टा करतो. ड्रमंडसुद्धा म्हणाला, "गाढवा, एवढा निर्लज्जपणा शनिवारी दाखव, मग जिंकलोच." सगळे हसले. मीही हसलो, आणि आंघोळीच्या खोलीत जाऊन नळ सोडून रडलो.

मामा, पुढचा पक उजव्या डोळ्यावर आला तर? रोज झोपताना हाच विचार येतो. खेळ सोडायची भीती वाटते, आणि न सोडायची त्याहून जास्त.

बाकी सर्व क्षेम.

आपला,
डॅरिल

ता. क. आईला यातलं काही सांगू नका. तिने भावाचा एक डोळा गेलेला पाहिलाय, तेवढा पुरे.

ता. क. दुसरा : डोळा गेल्यावर तुम्ही एका डोळ्याने कपात चहा ओतायला लागलात तेव्हा किती दिवस टेबलावर सांडत होतात? मी अजून सांडतोय.

ता. क. तिसरा (पत्र यासाठीच लिहिलं, वरचं सगळं पाल्हाळ) : सास्काटूनच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी गुरुवारी बोलावलंय. त्या काय सांगणार ते मला ठाऊक आहे, म्हणूनच एकट्याने आत जायचा धीर होत नाही. तुमची गाडी घेऊन या. मामी म्हणतील, आंधळ्याला आंधळा काय नेणार. त्यांना सांगा, डावीकडचा रस्ता तुम्ही बघा, शेजारी बसून उजवीकडचा मी बघेन.