प्रगती डावीकडून उजवीकडे

३ जानेवारी १९७२, वलवण

आजपासून रोज लिहिणार. पुढे माझी कार्यपद्धती कोणी विचारली तर हाताशी असावी.

मुंबईत टेलिव्हिजन केंद्र निघते आहे. त्यांना संकलक हवेत. माझ्याइतका चौफेर माणूस त्यांना मिळणार नाही. बावीस वर्षांत पौराणिक कापले, स्टंट कापले, सामाजिक कापले, दंतमंजनाची जाहिरातही कापली. स्टुडिओ मी सोडला. त्यांनी पत्र आधी दिले, इतकेच.

अर्जाला ताज्या कामाचे सर्टिफिकेट लागते. म्हणून शेती प्रचार खात्याचा हा चित्रपट घेतला. मावळातली भातलावणी. मित्राच्या बंगल्याचे गॅरेज, एक टेबल, भिंग, कात्री. पुरे.

संकल्प: १५ तारखेला काम पूर्ण. सिगरेट बंद.

५ जानेवारी

कॅमेरामन गाढव आहे. लोहगडवाडीचा शेतकरी सोपान पहिल्या दिवशी डावीकडून उजवीकडे चालतो, दुसऱ्या दिवशी उजवीकडून डावीकडे. जोडले की माणूस खाचरात निघाला आहे की काही विसरला म्हणून घरी परततो आहे, कळत नाही. कॅमेरामनला पत्र लिहिले. कडक. तिकीट नव्हते.

सिगरेट: दोन. कॅमेरामनमुळे.

८ जानेवारी, सकाळी ७

उपाय सापडला. दुसऱ्या दिवसाची सगळी फिल्म पालथी करून जोडली. उजवे ते डावे. आता सोपान पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच दिशेने चालतो. प्रगती डावीकडून उजवीकडेच जाते. हे देशात किती जणांना माहीत आहे?

११ जानेवारी

झाडायला भागुबाई येते. सोपान तिचा सख्खा भाऊ. मोठ्या मनाने तिला भिंगातून पाहू दिले. चूक झाली.

म्हणाली, साहेब, ह्यो लोहगड न्हाई. मी म्हणालो, लोहगडच आहे. म्हणाली, मंग इचूकाटा हिकडं कसा आला? इचूकाटा म्हणजे गडाची ती लांब सोंड. शिवाय वैनीचा पदर उजव्या खांद्यावर, नथ उजवीकडं, आमच्यात आसं कुनी घेत न्हाई, म्हणे. मी सांगितले, प्रेक्षक डोंगर बघत नाही, गती बघतो. तर विचारते, डोंगार न्हाई बघायचा तर दुसरं हाय काय हितं?

झाडायला सांगितले.

२९ जानेवारी

चौदा दिवस उशीर. वीज जाते. फिल्म जोडायचे सिमेंट बाटलीतच सुकते. भागुबाई विचारते, साहेब, फिरला का डोंगार? अशा वातावरणात कोण काम करील?

तरीही पूर्ण. आठ मिनिटे. एकही जोड जाणवत नाही. खात्याचे उपसंचालक रणपिसे लोहगडवाडीतच पहिला खेळ लावणार. लोकांना पसंत पडला की सर्टिफिकेट. म्हणजे मिळालेच.

२० फेब्रुवारी

कालच्या खेळाबद्दल शांतपणे लिहितो.

ते रानटी आहेत.

पहिल्याच मिनिटाला कोणी ओरडले, आरं, गड फिरला! मग सगळे हसले. बायकांनी सोपानच्या बायकोला, लीलाबाईला धरले: पदर कवा बदलला गं? ती तोंड झाकून निघून गेली. हेही चालले असते. पण पालथ्या फिल्ममध्ये सोपानचे खाचर ओढ्याच्या पलीकडे दिसते, आणि पलीकडे शेजारचा शेतकरी मारुती याची जमीन आहे. मारुती उठून म्हणाला, सरकारी चित्रात हा माझ्या खाचरात लावणी करतोय, इचारा त्याला कुनाच्या परवानगीनं. सोपान म्हणाला, मी न्हाई गेलो, मला ह्या सायबानं नेला! आणि माझ्याकडे बोट. दोनशे माणसे वळली. एकालाही पडद्यावरची गती दिसली नव्हती.

रणपिसे पांढरे पडले. हे तुम्ही केलंत का, विचारले. मी दिशेचे तत्त्व समजावले. म्हणाले, आठल्ये, माझा लोहगड परत करा.

संताप इतका की आज संकल्प नाही.

२६ फेब्रुवारी

खात्याचे पत्र. मारुती ते चित्र पुरावा म्हणून तालुक्याला नेतो म्हणतो. त्याचे तोंड बंद करायला खाते निगेटिव्हवरून नवी प्रिंट काढणार आणि कॅमेऱ्यात जसे आले तसे, सगळे, न कापता दाखवणार. न कापता!

अकरा पानी उत्तर लिहिले. दोन पाने मीच कापली. तिथेही माझा हात दिसतो.

ठरले. खेळाला जाणार, मागे उभा राहणार. एक माणूस तोच रस्ता चार-चार वेळा चालतो, मध्ये शॉटच्या नंबराची पाटी आपटतात, कॅमेरा हलतो, आभाळ दिसते. दहाव्या मिनिटाला लोक उठायला लागतील. मग रणपिसेंना कळेल संकलन म्हणजे काय. सर्टिफिकेट हात जोडून देतील. खेळ १२ मार्चला, टेलिव्हिजनची मुलाखत २० मार्चला. वेळेत होते.

१२ मार्च, लोहगडवाडी

उशीर होईल म्हणून लौकर आलो. उभे राहायला जागा नव्हती. भागुबाईने सरकून शेजारी बसवले.

गड जागेवर होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाचर ओढ्याच्या अलीकडे. मारुती म्हणाला, बरं. सोपान पहिल्यांदा चालला. दुसऱ्यांदा चालला. तिसऱ्यांदा कोणी ओरडले, आरं, बसा की आता, दमला त्यो! चौथ्या वेळी तो बांधावर थांबला, कॅमेऱ्याकडे बघून हसला आणि त्याने तंबाखू मळली. हे मी जानेवारीतच काढून टाकले होते. लीलाबाई लावणी करताना काही बोलत होती. आवाज नव्हता, तरी बायकांना कळत होते, त्या उत्तरे देत होत्या. पदर डाव्या खांद्यावर होता.

मध्ये रीळ बदलले तेव्हा रणपिसेंनी तिथेच सर्टिफिकेट लिहून दिले. सदर चित्रपट संकलनाविना दाखवला असता लोकांना अत्यंत पसंत पडला. सही, शिक्का. मुंबईला हेच न्यायचे आहे.

दोन तास दहा मिनिटे. कोणी उठले नाही.

मीही.