एकतीस श्वास

सोमवार, ४ मार्च २०१३. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. खिडकीत बसून करंटिका, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाची भाजलेली वडी, आणि पाव खात हे लिहितो आहे. अल्जीरियातल्या ओरान शहरात, गाण्याच्या स्टुडिओत माझा पहिला दिवस. मालक सी बूझियान (इथे ‘सी’ म्हणजे साहेब) यांनी मला मिक्सिंगचे टेबल दिले. चांगला कॉम्प्रेसर, स्वतःची खुर्ची. आईला फोन करून आधी खुर्चीचेच सांगितले.

बुधवार, ६ मार्च. शेखा खदूजा गाऊन गेल्या; शेखा म्हणजे इथल्या जुन्या मानाच्या गायिका. सत्तरी उलटलेली, दमा, तरी अजून लग्नघरांत गातात. जाताना माझा गाल ओढून म्हणाल्या, मिलूद, लेकरा, माझे श्वास कापू नकोस, आता आवाजापेक्षा तेच जास्त उरलेत. सगळे हसले. मी शब्द दिला.

गुरुवार, ७ मार्च. कॉम्प्रेसरने मोठा आवाज दबतो, मग पातळी वाढवली की बारीकसारीकही वर येते. दोन ओळींमधला त्यांचा श्वास गाण्याइतका मोठा झाला. सी बूझियान म्हणाले, अरे, यावर वऱ्हाडी नाचणार की इंजेक्शन घेणार? काप, नाहीतर खुर्ची रिकामी कर. पावणेतीनला सुरुवात केली. एकतीस श्वास कापले. सांध्यांवर थोडा प्रतिध्वनी घातला. कुणाला कळणार नाही.

रविवार, १० मार्च. शेखांची मुलगी हलीमा हिचा फोन. गुरुवारपासून आई इस्पितळात आहे. श्वास मधेच राहतो, घ्यायचा विसरल्यासारखा. मी वेळ विचारली. पावणेतीन, म्हणाली.

सोमवार, ११ मार्च. कापलेले तुकडे शोधून काढले. सगळे कोरे. कॉम्प्रेसर शेवटपर्यंत ताणला, तेव्हा तळातून ऐकू आले. शब्द दिला होतास ना, लेकरा.

मंगळवार. सी बूझियानना सांगितले. ते म्हणाले, घरी जा, झोप काढ. गेलो नाही. माईकसमोर बसून माझाच एक श्वास त्या रिकाम्या जागी भरला. पाच मिनिटांत हलीमाचा फोन – आईने लांब श्वास घेतला. मला मात्र तो – परत घेता येईना.

बुधवार. सत्तावीस भरले. शेखा उठून बसल्या, सूप मागतात म्हणे. मला जिना – तीन पायऱ्या, मग बसलो. हलीमा आभार मानते. माझे. मी –

गुरुवार. घेतले एकतीस. दिले तीस.
देणे एक. माईक चालू आहे. छातीत आता –