सरांनी दुरुस्त केलेला बर्फ

४ एप्रिल
पोहोचले एकदाची! गोठलेल्या समुद्रावर आमची लाकडी झोपडी: दोन बाकं, एक शेगडी, मोजे वाळत घालायला दोरी. डॉक्टरेटनंतरची पहिली नोकरी, वर्षभराची. पुढचं सगळं सरांच्या हातात. बर्फच मोजायचा तर घरचा फ्रीज काय वाईट होता, असं आईने विचारलं होतं! सात ठिकाणी भोकं पाडायची, बर्फाची जाडी आणि खालच्या पाण्याचा खारटपणा मोजायचा, आकडे सरांना पाठवायचे. सोबतीला फक्त ड्रिलकाका. चौदा मोसम इथे भोकं पाडतायत, पण शोधनिबंधात नाव एकदाही नाही, हे ते हसत सांगतात.

९ एप्रिल
चौथ्या भोकाशी जाडी १६२ सेंटीमीटर. सरांच्या भाकितात ११०. सरांचा मेल आला की मोजण्यात चूक दिसते, ११० केलंय, सही करून पाठव. काका म्हणाले, करू नकोस पोरी. केली. त्यांना बोलायला काय जातंय!

१० एप्रिल
चौथ्यापाशी पुन्हा मोजलं. ११०. तीनदा. उणे वीस अंशांत रातोरात अर्धा मीटर बर्फ जातो कुठे? सरांनी मात्र शाबासकी दिली. नीट मोजलं की जमतं म्हणे.

१४ एप्रिल
दुसऱ्या भोकाचे सरांनी ६० केले, मी सही केली. सकाळी खरंच ६०. सरांना सगळं लिहिलं. उत्तर आलं की झेपत नसेल तर दुसरे उमेदवार आहेत. पाचव्याखाली गरम पाणी वर येतं हा त्यांचा लाडका सिद्धांत. तिथे त्यांनी १० टाकले. मूग गिळून सही केली. काकांना सांगितलं नाही, लाज वाटली.

१५ एप्रिल
मी उठायच्या आत काका स्नोमोबाइल घेऊन पाचव्यावर गेले. माणूस पेलला असता, गाडी नाही — वर फक्त टोपी तरंगत होती. मी मारलं त्यांना.

१६ एप्रिल
हेलिकॉप्टर उद्या. सरांना वाईट वाटलं. निबंधात काकांचे आभार मानणार आहेत. मेले तेव्हा कुठे —

१७ एप्रिल
आता सही करणार नाही, कळवलं. सर म्हणाले, गरज नाही, तुझ्या वतीने मीच केली. निबंध गेलासुद्धा.
सातवं भोक आमच्या पायरीला लागून आहे. तिथे किती लिहिलं, विचारलं — जमीन ओली — झोपडी कलली —
आला मेल. सातव्यापाशी शून्य, तिथे बर्फ धरलेलाच ना—