सिंदीच्या व्याह्यांना वाचून दाखवायचे उत्तर

मुंबई, मंगळवार

आयुष्मती मंदा हिस,
हिंगणघाट तहसिलीचे सकल-अभिलेख-संरक्षक प्रेमदास यांचा सप्रेम जयभीम.

प्रकृती स्थिर आहे. येथील इस्पितळातले वरण मात्र पारदर्शकतेचा आदर्श होय.

काल फोनवर तू म्हणालीस, "सिंदीचे व्याही इचारून राह्यले, हे दुखणं घराण्यातलं तं नाई? उद्या आपल्या पोरीले, काजलले झालं तं?" आणि रडलीस. म्हणून लेखी उत्तर देतो.

डॉक्टरांनी सांगितले ते असे. प्रत्येक पेशीत आमच्या कचेरीसारखीच एक अभिलेखशाळा असते. कागदपत्रांचा कोणता बस्ता सोडायचा, कोणता बांधून ठेवायचा, हे प्रथिनांचे एक पथक पाहते. माझ्या मांडीतील एका पेशीत दोन जनुके तुटून एकमेकांस चुकीची जोडली गेली. त्यातून निपजलेले जोडप्रथिन पथकात शिरले आणि त्याला भलत्याच कपाटांकडे नेऊ लागले. बांधून ठेवायचे वाढीचे बस्ते सुटले, आणि गाठ वाढली.

हा घोटाळा त्या एकाच पेशीत, मी मोठा झाल्यावर घडला. तो आईबाबांकडून आला नाही, काजलकडे गेलेला नाही. डॉक्टरांची तशी चिठ्ठी जोडली आहे.

त्या घुसखोराची बदली करू शकेल असे औषध अद्याप नाही. म्हणून गुरुवारी शस्त्रक्रिया.

काजल जेवते ना? तिच्या लग्नाची तारीख बदलू नये.

पाय वाचवण्याचा प्रयत्न करू, एवढेच डॉक्टर म्हणाले. तेव्हा लग्नासाठी माझे नवे बूट तूर्त घेऊ नकोस.

तुझाच,
प्रेमदास