चेलोची जागा

३ मार्च
आज पुन्हा नवऱ्याला स्टेशनवर सोडून आले. हॉर्नची, त्याच्या त्या पितळी वाद्याची, पेटी खांद्याला, डब्याच्या दारात उभा. बोलायचं ते सगळं सकाळी स्वयंपाकघरातच संपलं होतं. घरी आले तर त्याचा टॉवेल अजून ओला. वाळत घातला नाही. राहू दे तसाच.

५ मार्च
इथे माझ्यासोबत राहणाऱ्या सासूबाईंनी नेहमीचा विषय काढला. "दोघंही सरकारचंच वाजवता ना? मग एका गावात वाजवायला काय होतं?"

कसं समजावायचं? राजधानीचा ऑर्केस्ट्रा मंत्रालय चालवतं, त्यात मी चेलो वाजवते. तो वाजवतो तो त्याच्या गावचा ऑर्केस्ट्रा नगरपालिका चालवते, मंत्रालय नुसतं अनुदान देतं. इकडचा माणूस तिकडे बदलून जात नाही. दोन्हीकडे खुर्च्या ठरलेल्या. कुणी निवृत्त झालं तरच एखादी रिकामी होते. आणि तो इकडे यायचा तर आमचे हॉर्नवाले सगळे तरुण, ठणठणीत.

"म्हणजे कुणीतरी म्हातारं व्हायची वाट बघायची," त्या म्हणाल्या. "तोवर तुम्हीच व्हाल."

हसले मी. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

११ मार्च
तालीम. काही चुकलं नाही, काही मनाला लागलंही नाही. मागे हॉर्न वाजले की अजून मान वळते.

१९ मार्च
तो फोनवर बोलता बोलता म्हणाला, त्यांच्या ऑर्केस्ट्रातले चेलोवाले आजोबा निवृत्त होतायत. बोटं वळत नाहीत आता. नगरपालिका म्हणते, यंदाचं अनुदान आहे तोवर खुर्ची भरा, नाहीतर ती कायमची रद्द. "एक चेलो कमी झाला तर गावाला कळणारही नाही, असं म्हणाले सभेत."

तेव्हापासून डोक्यात ती एकच खुर्ची.

२ एप्रिल
त्या खुर्चीसाठी अर्ज केला. त्याला सांगितलं नाही. वेड लागलंय का म्हणाला असता — राजधानीतली पहिल्या रांगेतली जागा सोडून इथे शेवटच्या खुर्चीवर? पण पहिल्या रांगेत बसून मी रोज कुणाकडे बघते? पाठीमागचे हॉर्नवाले तर सगळे परकेच.

फक्त सासूबाईंना सांगितलं. "मला काय विचारतेस? माझी बॅग कधी भरायला घेऊ तेवढं सांग."

१४ एप्रिल
सराव करून बोटं सोलवटली. निवडचाचणीत वाजवायच्या तुकड्याची सुरुवातीचीच ओळ नीट येत नाही. ती खुर्ची आपल्याला मिळाली नाही तर? मग हे असंच, स्टेशन आणि टॉवेल.

२१ एप्रिल
त्याच्या गावात. चाचणीत पडद्याआड बसून वाजवलं, समितीला कोण ते कळू नये म्हणून — नाव नाही, नुसता नंबर. माझी निवड झाली.

पडदा सरकवला तर पलीकडे समितीतली एक खुर्ची रिकामी. शिपाई म्हणाला, कुणी आजारी पडलं म्हणून हॉर्नवाल्या सरांना आयत्या वेळी बसवलं होतं. पण तुम्ही पहिली ओळ वाजवलीत आणि ते उठलेच. "ही माझ्या घरातली आहे, मला मत देता येणार नाही," म्हणाले आणि बाहेर गेले.

तो जिन्यावर बसला होता. निकाल विचारला नाही. सरकला, आणि शेजारी जागा केली.