आईच्या तोंडी घातलेला शब्द

१२ जानेवारी १९९८, सेगू

पॅरिसहून प्रकाशिकाबाईंचं पत्र. कादंबरी छापणार! — पण बाबांच्या मयताचं प्रकरण बदला म्हणे. ‘नवरा गेलेली बाई हसते, हे इथल्या वाचकांना पटणार नाही. तिची घुसमट कुठे आहे?’

सहा वर्षं लिहितेय.

१३ जानेवारी

आई तेव्हा, आठ वर्षांपूर्वी, खरंच हसली होती. बाबा कुलिबाली, शेजारची मानलेली न्यागालेआत्या त्राओरे — या दोन आडनावांत पिढीजात थट्टेचं नातं, एकमेकांना ‘चवळीखाऊ’ म्हणून चिडवायचं, ते मयताच्या दारातही चुकवायचं नसतं. आत्या बाबांचा झगा घालून, त्यांची टोपी कपाळावर ओढून उंबऱ्यात आडवी पडली. “ऊठ रे चवळीखाऊ! मला न विचारता मरतोस? माझ्या मानाच्या कोलाच्या बिया द्या, मगच उचला याला!” मग बाबांसारखी खोकली. हुबेहूब! आईनं तोंडावर हात दाबला, तरी हसू फुटलंच. सगळं अंगण हसलं. मग रडलं.

यात पटण्यासारखं काय नाही?

२० जानेवारी

काही लिहिलं नाही. वर्गातल्या मुलींच्या वह्या तपासल्या.

२६ जानेवारी

बाईंचा शाळेत फोन. आवाज गोड. “तुमच्या आईला कधीतरी नकोसं झालं असेल ना?” म्हटलं, माझे आईबाबा चाळीस वर्षं सुखानं नांदले. “असतील हो, पण ही कादंबरी आहे ना!” महिनाअखेर प्रकरण टपालात हवं. नाहीतर पुढल्या वर्षी बघू — म्हणजे कधीच नाही.

मी सत्तेचाळिशीची. पुढलं वर्ष किती वेळा बघायचं?

२८ जानेवारी

लिहिलं. थट्टा काढून टाकली. आता मयत गेल्यावर कादंबरीतली आई बाजरीच्या कोठारामागे जाते, भिंतीला टेकून बसते आणि म्हणते, “सुटले.”

एवढंच. आईच्या तोंडी मी हे घातलं! वाक्य जमलंय चांगलं. त्याचीच लाज वाटते.

२९ जानेवारी

सकाळच्या बसनं पाकीट रवाना. फाटकात न्यागालेआत्या. “काय गं चवळीखाऊ, गोऱ्यांकडे आमची बदनामी केलीस की नाही?”

“तुम्हाला काढूनच टाकलं, आत्या.”

तिला वाटलं, मीही थट्टाच करतेय. हसत सुटली.

९ फेब्रुवारी

पुन्हा फोन. बाई खूश. “आता तुमची आई खरी वाटते!” प्रकरण छपाईला गेलंसुद्धा.

आईला फ्रेंच येत नाही, तिला कधी कळणारही नाही. म्हणूनच उद्या सांगणार. आमच्या बांबारा भाषेत वाचून दाखवीन, मग पाय धरीन.

१० फेब्रुवारी

वाचलं. ‘सुटले’पाशी आईचे बाजरी निवडणारे हात थांबले. तिनं मागे वळून अंगण रिकामं असल्याची खात्री केली. मग अगदी हळू म्हणाली, “तू होतीस तिथे? मला वाटलं, कुणी ऐकलं नाही.”